पाचाच्या आतलं

"पाचाच्या आतलं आपण बोलायचं नाही," असं म्हणून मॅडम समोरच्या कागदावर तळहात पालथा ठेवायच्या. बोटं जुळवून, सावकाश. मग चष्म्यावरून आपल्याकडे बघायच्या. विषय संपला, असा त्याचा अर्थ.

तुमच्याही ऑफिसात किंवा शाळेत असं एखादं माणूस असेल, ज्याचं एक वाक्य सगळ्यांना पाठ असतं आणि त्याचा अर्थ मात्र कुणी फारसा मनावर घेत नाही. आमच्या मिरा रोडच्या कॉलेजात त्या मॅडमचं हे वाक्य होतं. त्या संख्याशास्त्र शिकवायच्या. कुठल्याही पाहणीत एखाद्या गटात पाचपेक्षा कमी माणसं असली, तर त्या गटाचा आकडा छापायचा नाही, कारण इतक्या थोड्यांत कोण काय म्हणालं ते चटकन ओळखू येतं, एवढीच ती गोष्ट. आम्ही स्टाफरूममध्ये ती कशालाही लावायचो. समोशांच्या पुडीत चारच निघाले, की कुणीतरी म्हणायचं, "पाचाच्या आत आहेत, बोलू नका." त्याही हसायच्या आणि आपल्या वाटणीचा समोसा शिपायाकडे सरकवायच्या.

मूळच्या रत्नागिरीकडच्या. वडील मुंबईत गोदामात कामाला होते, त्यामुळे बालपण परळच्या खोलीत आणि लग्नानंतरचं सगळं आयुष्य भाईंदर पश्चिमेला. पर्समध्ये कायम एक लाकडी फूटपट्टी असायची. तक्ता वाचताना ती ओळीखाली धरायच्या आणि एका वेळी एकच ओळ वाचायच्या. मी विचारलं होतं, इतकी वर्षं झाली, अजून पट्टी कशाला लागते? तर म्हणाल्या, "पुढची ओळ दिसली की माणूस हिला घाईघाईनं संपवतो."

मी मराठी शिकवतो. मुंबईतली जागा सोडून इकडे राहायला आलेल्या, शुद्धलेखनाचा अभिमान बाळगणाऱ्या घरातला. वर्गात हशा पिकवण्यासाठी माझं नाव होतं. मुलं दुसऱ्यांच्या तासांना दांडी मारून माझ्या तासाला बसायची, हे मी घरी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचो.

आम्हा दोघांची गाठ पडली ती पाहणीमुळे. कॉलेजचं मूल्यांकन करायला बाहेरची समिती येणार होती. त्याआधी विद्यार्थ्यांना इथं कसं वाटतं, कुणी त्यांचा अपमान करतं का, आपलं म्हणणं मांडता येतं का, हे सगळं विचारून अहवाल द्यायचा होता. परिपत्रकात त्याला 'कॅम्पस क्लायमेट सर्व्हे' म्हटलं होतं. शिपायाने ते वाचून मला विचारलं, "सर, क्लायमेट म्हणजे पंख्यांचं ना? वरच्या मजल्यावरचे दोन बंदच आहेत." प्राचार्यांनी मॅडमना आकड्यांसाठी घेतलं आणि मला भाषेसाठी.

पहिल्याच दिवशी त्यांनी दोन अटी घातल्या. फॉर्म कागदावर भरून घ्यायचा, फोनवर नाही, कारण फोनवर भरला की नंबर कुठेतरी जातो अशी मुलांना भीती असते आणि ती खोटी नसते. दुसरी अट, भरलेले कागद त्या एकट्या वाचणार. मला फक्त बेरजा मिळणार. मी म्हटलं, मॅडम, माझ्यावर विश्वास नाही का? "तुमच्यावर आहे," त्या म्हणाल्या, "पण मुलांना मी तुमच्याबद्दल शब्द दिलेला नाही. माझ्याबद्दल दिलाय."

तो शब्द त्यांनी कसा दिला ते मी पाहिलं आहे. प्रत्येक वर्गात त्या स्वतः गेल्या. मराठीत सांगितलं, मग हिंदीत सांगितलं. नाव लिहू नका. अक्षर ओळखू येईल असं वाटलं तर डाव्या हातानं लिहा. तुम्ही काय लिहिलंत ते कोणाला कळणार नाही, आणि त्यावरून तुम्हाला कोणी काही विचारणार नाही, मीसुद्धा नाही. माझ्या पहिल्या वर्षाच्या वर्गात हे चाललं असताना मी दाराशी उभा होतो आणि आत डोकावून म्हणालो, "माझ्याबद्दल चांगलं लिहा रे." वर्ग हसला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि दार लोटून घेतलं.

कागदांची पत्र्याची पेटी त्यांच्या कपाटात गेली. महिनाभर त्या कॉलेज सुटल्यावर बसून वाचायच्या आणि मांडायच्या. त्या महिन्यात त्या जरा गप्प झाल्या होत्या. मला वाटलं, काम वाढलंय.

आम्ही डबा एकत्र खायचो. एके दिवशी त्या सहज म्हणाल्या, "सर, तुम्ही हजेरी नंबरांनी का घेत नाही? नावं पुकारण्यात वेळ जातो." मी म्हटलं, मॅडम, हजेरी हाच तर माझ्या तासाचा मजेचा भाग आहे. ते खरंच होतं. त्या वर्गात खाडीकडच्या गावांतून येणाऱ्या चार मुली होत्या. वरसावे, घोडबंदर, त्या बाजूच्या. काशीमीऱ्याला बस बदलून यायच्या, नेहमी एका बाकावर बसायच्या. नाव पुकारलं की बाकीचे 'येस सर' म्हणायचे आणि या 'हाय' म्हणायच्या. घरी तसंच बोलतात, 'आहे'ला 'हाय', 'नाही'ला 'न्हाय'. मी लगेच हात हलवून 'हाय, हाय, बाय' करायचो. वर्ग लोटपोट व्हायचा. एकदा एकीनं "पुस्तक न्हाय आणलं" म्हटलं, तेव्हा मी 'न्हाय' फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून सगळ्यांना त्याचं शुद्ध रूप विचारलं होतं. पुढे त्या बाकालाच 'न्हायवाला बाक' नाव पडलं. मी ते प्रेमानं म्हणायचो. हे मी आज सांगतोय ते स्वतःची बाजू मांडायला नाही. मला त्या वेळी खरोखरच तसं वाटत होतं.

हे सगळं मी मॅडमना डबा खाताना रंगवून सांगितलं. त्यांनी पोळीचा तुकडा हातात धरून ठेवला होता. मग मध्येच स्वतःच्या वडिलांबद्दल बोलायला लागल्या. वडील त्यांना शाळेत सोडायला यायचे, पण फाटकाच्या आत कधी यायचे नाहीत. बाईंनी काही विचारलं तर बोलावं लागेल, आणि बोललं की मुलीच्या वर्गातल्यांना गावाकडची बोली ऐकू जाईल, म्हणून. पावसात छत्री धरून बाहेर उभे राहायचे.

मी काय केलं असेल? मी त्यांना गावाकडच्या म्हाताऱ्याची नक्कल करून दाखवली. चांगली केली होती. त्यांनी अर्धी पोळी तशीच डब्यात ठेवून झाकण लावलं आणि तासाला निघून गेल्या.

अहवाल लिहायला बसलो तेव्हा आमचं पदोपदी अडायचं. मी 'बहुतेक विद्यार्थी समाधानी आहेत' असं लिहिलं, की त्या विचारायच्या, बहुतेक म्हणजे किती? मी 'महाविद्यालयातील वातावरण कौटुंबिक आहे' असं एक छान वाक्य केलं होतं. त्यांनी त्यावर पेन्सिलीनं लिहिलं, 'कुणाच्या कुटुंबासारखं?' मला राग आला. आकडेवाल्यांना भाषा कळत नाही, असं मी एका सहकाऱ्याकडे बोललोही.

त्यांच्या तक्त्यात एक ओळ होती घरच्या भाषेची. मराठी, हिंदी, गुजराती, आणि शेवटी 'गावची बोली'. प्रश्न होता, शिक्षकांच्या बोलण्यामुळे तुम्हाला कधी अपमान वाटला का? वर्गावर्गाप्रमाणे उत्तरं मांडली होती. पहिल्या वर्षाच्या मराठीच्या वर्गासमोर, 'गावची बोली'खाली, आकडा नव्हता. एक आडवी रेघ होती. आणि अहवालाच्या शेवटी त्यांनी स्वतः एक शिफारस घातली होती: वर्गात कोणाच्याही भाषेवरून किंवा बोलण्याच्या पद्धतीवरून विनोद करू नयेत.

प्राचार्यांच्या केबिनमधली बैठक मला जशीच्या तशी आठवते. प्राचार्य माणूस वाईट नव्हता, घाईत होता. त्यांनी त्या रेघेवर बोट ठेवलं आणि इथला आकडा कुठे गेला असं विचारलं. मॅडम म्हणाल्या, त्या गटात पाचपेक्षा कमी जण आहेत, आकडा देता येत नाही. प्राचार्य म्हणाले, बरं, आकडा नको, चांगलं आहे की वाईट एवढं सांगा. त्या म्हणाल्या, तेही सांगता येणार नाही.

"मग ही शिफारस कशावरून केली?"

मॅडमनी त्या शिफारशीवर तळहात पालथा ठेवला. तेव्हा मी बोललो. तुम्ही ओळखलंच असेल, मी बोलल्याशिवाय राहणारा नाही. मी म्हटलं, "सर, रिकाम्या चौकटीवरून शिफारस म्हणजे न दिलेल्या पेपरला मार्क." प्राचार्य मोठ्यानं हसले.

मॅडम माझ्याकडे वळल्या. त्यांचा हात अजून तिथंच होता. "सर," त्या मला म्हणाल्या, "ही एक ओळ राहू द्या. वाटल्यास माझ्यासाठी राहू द्या."

मला तो हट्ट वाटला. प्राचार्यांनी अंतिम मसुदा माझ्याकडे सोपवला, आणि मी ती ओळ काढली. पुरावा नाही तर विधान नाही, हे त्यांचंच तत्त्व मी त्यांना ऐकवलं होतं.

अहवालाचा सारांश नोटीस बोर्डवर लागला. दोन दिवस मुलं येता-जाता बघत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी मी जिन्यावरून उतरताना पाहिलं, माझ्या वर्गातल्या त्या चौघी बोर्डापाशी उभ्या होत्या. एक जण तक्त्यावरून बोट फिरवत खाली खाली येत होती. आमच्या वर्गासमोरच्या आडव्या रेघेशी बोट थांबलं. ती बाकीच्यांना काहीतरी म्हणाली आणि चौघी निघून गेल्या. मॅडम व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला उभ्या होत्या. मी त्यांना हाक मारून म्हटलं, बघा, मुली अहवाल किती बारकाईनं वाचतात. त्या ऐकून न ऐकल्यासारखं करून स्टाफरूममध्ये गेल्या आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या. वह्या तपासत असतील असं मला वाटलं. पुढ्यात वही नव्हती, हे आठवतं.

त्यानंतरच्या दिवसांत त्यांनी एक विचित्र गोष्ट सुरू केली. माझ्या तासाला त्या शेवटच्या बाकावर येऊन बसायला लागल्या. म्हणाल्या, शाळेत मराठीचा पाया कच्चा राहिला, आता ऐकते. मी खूश झालो. त्या बसलेल्या असल्या की मला जरा भारदस्त शिकवावंसं वाटायचं, विनोद कमी व्हायचे. पण त्यांचे स्वतःचेही तास असायचे. आठवड्यातून एकदाच जमायचं. बाकीचे दिवस मी होतो तसाच होतो.

दुसऱ्या वर्षाच्या यादीत त्या चौघींपैकी एकीचं नाव नव्हतं. मी स्टाफरूममध्ये म्हणालो, लग्न झालं असेल, या गावांत लवकर उरकतात. मॅडम एकदम म्हणाल्या, "नाही झालं." इतक्या तुटकपणे, की मी वर पाहिलं. त्यांनी ऑफिसातून नंबर घेऊन, शिष्यवृत्तीच्या कागदांचं निमित्त करून तिच्या घरी फोन केला होता, हे क्लार्कनं मला पुष्कळ नंतर सांगितलं. आईनं सांगितलं होतं, पोरगी कामाला लागली, शिकायला नको म्हणते.

मग त्या निवृत्त झाल्या. निरोप समारंभात मीच भाषण केलं. त्यांच्या तळहाताची नक्कल करून दाखवली. सगळे हसले, त्याही हसल्या.

यामागचं सगळं मला त्यानंतर वर्षभरानं कळलं. मी ठाण्याला बहिणीकडे निघालो होतो, वाटेत हायवेवरच्या एका हॉटेलात जेवायला उतरलो. हॉटेल नेमकं कुठलं ते सांगत नाही, आणि मुलीचं नावही सांगत नाही. मॅडमना ते चाललं नसतं. दाराजवळच्या काउंटरवर ती बसली होती, दुसऱ्या वर्षाच्या यादीत नाव नसलेली. केस नीट बांधलेले, गळ्यात हॉटेलचं ओळखपत्र. मला बघून उभी राहिली. म्हणाली, "आइए सर. कितने लोग हैं?"

मी म्हटलं, अगं, मला ओळखलं नाहीस का? ओळखलं, म्हणाली, तेही हिंदीत. कसं चाललंय विचारलं, त्याचंही उत्तर हिंदीत. मी हसत म्हटलं, मराठीच्या सरांशी हिंदीत बोलतेस? मराठीत बोल की.

"नको सर," ती म्हणाली. मग मराठीतच म्हणाली, "इथं मला कोण हसत न्हाय."

ती रागावलेली नव्हती. तेच मला सहन होईना. मी काहीतरी म्हणालो, गंमत असायची ती, मनाला लावून घ्यायची नसते. त्यावर ती काउंटरवरची वही सरळ करत म्हणाली, "आम्ही लिहिलं होतं सर. त्या कागदावर. चौघींनी. मॅडम बोलल्या होत्या, कोणाला कळणार न्हाय." मग मान खाली घालून म्हणाली, "खरंच कोणाला कळलं न्हाय."

मागून एक कुटुंब आलं. ती त्यांच्याकडे वळली आणि तिनं त्यांना आत बसवलं. मी जेवलो नाही. ठाण्यालाही गेलो नाही. उलटी बस पकडून भाईंदरला मॅडमच्या घरी गेलो.

त्यांच्या घरात सामान बांधलेलं होतं. गुडघे फार दुखायला लागले होते, मुलाकडे पुण्याला कायमच्या चालल्या होत्या. खोक्यांमधून वाट काढत त्यांनी मला खुर्ची दिली. मी म्हटलं, त्या चौघींपैकी एक भेटली. त्या उभ्याच होत्या. म्हणाल्या, "तिनं स्वतःहून सांगितलं?"

हो म्हटलं.

"मग बसते," असं म्हणून त्या एका खोक्यावर बसल्या. "बरी आहे का ती?"

बरी आहे म्हटलं. नोकरी चांगली आहे, तब्येत चांगली आहे. त्यांनी दोनदा मान हलवली. मग माझा बांध फुटला. मी म्हटलं, मॅडम, तुम्हाला सगळं माहीत होतं. आपण रोज एकत्र जेवत होतो. तुम्ही मला एकदा सांगायचं होतं.

"सांगितलं असतं तर कोण ते तुम्हाला लगेच कळलं असतं."

"मग? मी काय केलं असतं त्यांना?"

"माफी मागितली असती," त्या म्हणाल्या. "भर वर्गात, नावं घेऊन, डोळ्यांत पाणी आणून. तुमचा स्वभाव मला माहीत आहे, सर. मुलांनी टाळ्या वाजवल्या असत्या. आणि मग त्या चौघींना उरलेली वर्षं त्याच वर्गात बसायचं होतं."

मी अगदी तसंच केलं असतं.

त्या पुष्कळ वेळ बोलत होत्या, त्या दिवशी. दुसऱ्या वर्गांचे आकडे मिसळून बघितले होते, तर चौघींचं म्हणणं त्यात पार विरघळून गेलं. प्राचार्यांना एकट्यात गाठावं असं वाटलं, पण त्यांनी पहिला प्रश्न 'कोणता वर्ग' असाच केला असता. मुलींशीच बोलावं, तर तुम्हाला कोणी विचारणार नाही, मीसुद्धा नाही, असं स्वतःच सांगून बसलेल्या. मुली समोरून यायच्या तेव्हा मॅडमच वाट बदलायच्या. आपल्या चेहऱ्यावरून त्यांना कळेल की हिनं वाचलंय, याची भीती वाटायची. नियम मोडला असता तर बरं झालं असतं का, असं मी विचारलं.

"नियम चुकीचा नव्हता," त्या म्हणाल्या. "तो चुकीचा असता तर मी कधीच मोडला असता. त्याचंच वाईट वाटतं."

आता मी काय करू, असं मी त्यांना विचारलं. साठीच्या बाईला मी असं विचारत होतो, जसं वर्गातला पोरगा विचारतो. त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. शेवटी म्हणाल्या, "मला नाही माहीत, सर." आणि चहा टाकायला उठल्या. भांडी बांधून झाली होती, हे ओट्यापाशी गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

पुण्याला गेल्यावर त्यांचा दोनतीनदा फोन आला. तब्येतीचं बोलायच्या. हा विषय त्यांनी काढला नाही आणि माझी हिंमत झाली नाही. दीड वर्षानं कॉलेजच्या ग्रुपवर त्या गेल्याची बातमी आली. खाली सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं टाकली. मीही टाकलं. त्या जागी दुसरं काय टाकायचं ते मला सुचलं नाही.

बहिणीकडे जाणं-येणं चालूच असतं. बस घोडबंदरच्या रस्त्याला लागली की पुढे ते हॉटेल येतं. एकदा मी मनाशी ठरवून उतरलो. काचेच्या दारातून ती दिसली, काउंटरमागे, कुणाशी तरी हसून बोलत होती. काय बोलायचं ते मी बसमध्ये चार वेळा घोकलं होतं. दाराच्या दांड्याला हात लावला, आणि तेव्हा लक्षात आलं, की ती कामावर आहे. तिला तिथून उठून जाता येणार नाही. माझं सगळं सांगून होईस्तोवर तिला उभं राहून ऐकावं लागेल, आणि शेवटी 'ठीक आहे सर' असं म्हणावं लागेल. माझ्या वर्गातूनही तिला उठून जाता येत नव्हतं.

आत जाणं बरोबर की न जाणं बरोबर, हे ज्यांना विचारलं असतं त्या आता नाहीत. मी दारावरचा हात काढला. मागे लोक खोळंबले होते, त्यांना वाट करून दिली, आणि थांब्यावर येऊन पुढच्या बसची वाट बघत उभा राहिलो.